रागाची मात्रा

अभिजात संगीताने मन शांत होते, बुद्धी तल्लख होते, मुलांचे अभ्यासात चित्त रमते, अशी विधाने हल्ली इतक्या निःशंकपणे करण्यात येतात की, त्यांविषयी शंका काढणारा मनुष्य अरसिक ठरावा. अमुक राग रक्तदाबावर, तमुक निद्रानाशावर, अशा याद्या चांगल्या सुशिक्षित घरांतूनही हातोहात फिरत असतात. संगीताचा मनावर परिणाम होतो, हे आम्हांस मान्यच आहे. तो होत नसता तर गाणे ऐकावयास गेलेच कोण असते? आमचा वाद आहे तो त्या परिणामाच्या स्वरूपाविषयी. राग म्हणजे काही वैद्याची मात्रा नव्हे, की उगाळून चाटविली म्हणजे ती कोणासही, केव्हाही सारखीच लागू पडावी.

या समजुतीचे मूळ मात्र जुने आहे. तेराव्या शतकातील ‘संगीतरत्नाकरा’त स्वरांची रसांशी सांगड घातलेली आढळते : षड्ज व ऋषभ वीर, अद्भुत आणि रौद्र यांस, धैवत बीभत्स व भयानक यांस, गांधार-निषाद करुणास, मध्यम-पंचम हास्य-शृंगारास. विसाव्या शतकात पंडित भातखंडे यांनी ही वाटणी सुट्या स्वरांवरून उचलून रागवर्गांवर नेली. संधिप्रकाश रागांकडे शांत व करुण, ऋषभ-धैवत शुद्ध असणाऱ्या रागांकडे शृंगार आणि गांधार-निषाद कोमल असणाऱ्यांकडे वीर, असे त्यांनी सुचविले. वर्गीकरण म्हणून हे सुबक आहे खरे. परंतु बागेश्रीचे गांधार-निषाद कोमलच आहेत, आणि बागेश्री ऐकून कोणाचे बाहू स्फुरण पावल्याचे निदान आम्ही तरी पाहिलेले नाही.

याहून निर्णायक उदाहरण मारवा, पूरिया आणि सोहनी या त्रयीचे. तिघांत स्वर तेच : षड्ज, कोमल ऋषभ, शुद्ध गांधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत व निषाद. पंचम तिघांतही वर्ज्य. स्वरांतच गुण असता तर तिघांचा परिणाम एकच व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात पूरिया मंद्र सप्तकात गंभीरपणे वावरतो. सोहनी तार षड्जाभोवती चंचलपणे घुटमळते. आणि मारवा ऋषभ-धैवतांवर रेंगाळत षड्जापासून दूर राहतो, म्हणून त्याची ती सायंकाळची हुरहूर. अमीरखाँ यांचा ध्वनिमुद्रित मारवा ज्यांनी लक्ष देऊन ऐकला आहे, त्यांस षड्जावर येण्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. कान घर शोधीत असतो आणि गायक त्याला दारापर्यंत नेऊन परत फिरवितो. भाव निर्माण होतो तो या प्रतीक्षेतून, आणि प्रतीक्षा ही ऐकणाराने करावयाची असते. ज्याचे लक्ष दुसरीकडे आहे त्याला मारव्याने काय द्यावे?

यावर कोणी किशोरी आमोणकर यांचे नाव घेईल. रागाला स्वतःचा भाव असतो, हा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला आणि त्याचे शास्त्र ‘स्वरार्थरमणी’त मांडले. त्यांचा अधिकार आम्ही शिरसावंद्य मानतो. पण त्यांचे गाणेच पाहा. तो भाव हाती यावा म्हणून एकेका स्वराला किती वळसे, किती विराम, किती धीर ! यादीकाराच्या लेखी हा सारा खटाटोप व्यर्थच म्हणावयाचा. त्याला रागाचे नाव पुरते.

पश्चिमेकडेही असाच एक भ्रम काही वर्षे मोठ्या जोरात होता. १९९३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध झाला. मोत्सार्टची दोन पियानोंसाठी रचलेली एक सोनाटा दहा मिनिटे ऐकल्यावर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आकृतींची कोडी काहीशी अधिक चांगली सोडविली. हा लाभ दहा-पंधरा मिनिटेच टिकला. तेवढ्यावरून लहान मुलांची बुद्धी वाढविण्याचा बाजार उभा राहिला. १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बालकांना अशा संगीताच्या तबकड्या सरकारी खर्चाने देण्याची योजना मांडली. पुढील संशोधकांना तो लाभ अनेकदा आढळलाच नाही. १९९९ मधील एका प्रयोगात तर असे दिसले की, संगीतापेक्षा गोष्ट ज्यांना अधिक आवडली, त्यांनी गोष्ट ऐकल्यावरच कोडी अधिक चांगली सोडविली. २००१ मध्ये उदास, संथ संगीत ऐकवून पाहिले; तेव्हा तो लाभ दिसेना. म्हणजे करामत मोत्सार्टची नव्हती. प्रसन्न आणि जागृत मनाची होती. मोत्सार्टचा यात काय अपराध? त्याने ती सोनाटा कोडी सुटावीत म्हणून लिहिली नव्हती.

आपल्या संगीताविषयीचा एक प्रयोगही १९९९ सालचाच आहे, आणि तो आम्हांस अधिक बोलका वाटतो. हिंदुस्थानी रागांचे मुद्रित तुकडे आपल्या संगीताशी अपरिचित अशा पाश्चात्त्य श्रोत्यांना ऐकविण्यात आले. आनंद, दुःख आणि क्रोध त्यांनी बऱ्याच अंशी ओळखले. लय, स्वररचनेचा साधेपणा वा गुंतागुंत यांवरून ते शक्य झाले असावे. शांत भाव मात्र त्यांस तसा ओळखता आला नाही. जो भाव आपल्या याद्या सर्वांत स्वस्त समजतात, नेमका तोच परक्या कानांना चकवून गेला. आमचा तर्क असा की, दुःख द्रुत-विलंबिताच्या खुणांनी कळते, परंतु शांतासाठी आधी काहीतरी अस्वस्थ व्हावे लागते, त्याचे निवारण लांबावे लागते आणि ते लांबले आहे हे कानाला कळावे लागते. हे शिक्षण दहा मिनिटांत होत नाही.

एका खोलीत पुस्तक उघडे, शेजारी यंत्रातून मंद आवाजात संतूर, आणि मुलाला राग कोणता ते विचारण्याची कोणास आठवणही नाही, असे दृश्य आता अपूर्व राहिलेले नाही. त्या मुलाचे पाढे कदाचित पाठ होतील. त्याचा कान मात्र संगीत न ऐकण्यात तरबेज होत असतो. आणि निद्रेच्या याद्यांत अग्रस्थान कोणाला, तर दरबारीला ! ज्याचा आंदोलित गांधार नीट ऐकू यावा म्हणून मैफलीत रात्री जागविल्या गेल्या, तोच राग आता उशाशी लावून लोक पहिल्या आलापातच घोरू लागतात.