परसातील सार्वजनिकता : कॅसलक्रॅगच्या अंतर्गत उपवनांविषयी

घरांच्या रांगांनी वेढलेल्या लहान राखीव भूमींचे मूल्यमापन बहुधा ‘उद्यान’ या शब्दाच्या आधारे केले जाते. वॉल्टर बर्ली ग्रिफिन यांच्या कॅसलक्रॅगच्या बाबतीत तो शब्दच दिशाभूल करणारा आहे. सिडनीच्या उत्तरेस, मिडल हार्बरच्या खडकाळ काठावर, १९२० नंतरच्या दशकात ही वसाहत आकारास आली. ग्रिफिन यांनी रस्ते भूमीच्या चढउतारांस अनुसरून वळविले आणि घरांच्या पाठीमागे मूळच्या रानाचे तुकडे सर्वांसाठी राखले. रस्त्यावरून जाणाऱ्यास, घरांमधून आत वळणारी अरुंद पायवाट सोडल्यास, त्यांचा मागमूसही लागत नाही.

अंगण येणाऱ्याजाणाऱ्याचे व परसू घरच्यांचे, ही विभागणी मराठी भाषेतही रुजलेली आहे. ग्रिफिन यांनी परसूच सामाईक केले. खरा पेच येथेच उद्भवतो : कायद्याने सर्वांची असलेली जागा डोळ्यांना मात्र खासगी वाटते. पायवाटेत शिरताना परक्या वाटसरूचे पाऊल अडखळले, तर दोष त्याचा नव्हे. ती वाट रस्त्यास मिळताना आपले सार्वजनिकत्व कोठेच उच्चारीत नाही. त्यातून रस्त्यांची नावे द रँपार्ट, द बॅस्टियन, द पॅरापेट! कुंपणांना विरोध करणाऱ्या रचनाकाराच्या वसाहतीत तटाबुरुजांची ही शब्दावली मौजेचीच म्हटली पाहिजे.

जेन जेकब्स यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात पिट्सबर्गच्या चॅथॅम व्हिलेजवर जो आक्षेप घेतला, तो येथेही लावून पाहण्याजोगा आहे. आतील हिरवळ सामाईक झाली की शेजाऱ्यांना एकमेकांसारखेच असावे लागते, असा त्याचा आशय. परंतु कॅसलक्रॅगला तो अर्धाच लागू पडतो. चॅथॅम व्हिलेजची हिरवळ माणसांसाठी होती. येथील रान प्रथमतः खडक, झाडे व ओढे जसेच्या तसे राहावेत म्हणून राखलेले आहे. तेथे वर्दळ नाही, हे त्याचे अपयश ठरत नाही. शिवाय ‘द हेवन’ नावाच्या घळीत १९३० च्या दशकात मॅरियन माहोनी ग्रिफिन यांनी खुल्या रंगभूमीवर नाटके केली; म्हणजे माणसांनाही मज्जाव नव्हता.

मेलबर्नच्या ईगलमाँट येथील, १९१४ नंतर आखलेल्या ग्रिफिन यांच्याच वसाहतींबाबत असा बचाव दुबळा पडतो. तेथील अंतर्गत भूमी भोवतालच्या घरमालकांच्या सामाईक उपभोगासाठी कल्पिलेली होती, आणि म्हणून जेकब्स यांचा आक्षेप तेथे पुरता लागू पडतो.