लोकसहभागातून जैवविविधतेचे निरीक्षण : एक चिकित्सा

प्रस्तावना
सामान्य नागरिकांच्या नोंदींवर आधारलेले नागरिक विज्ञान हे आज जैवविविधतेच्या अभ्यासाचे महत्त्वाचे साधन मानले जाते. २०२३ साली प्रसिद्ध झालेला ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल त्याचे ठळक उदाहरण होय. सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर तो आधारलेला आहे. मात्र नोंदींची संख्या हीच त्यांची गुणवत्ता समजणे कितपत योग्य, हा प्रश्न उरतो.

विवेचन
अहवालात ९४२ प्रजातींचा विचार झाला असला, तरी दीर्घकालीन कल केवळ ३३८ प्रजातींबाबत ठरवता आला. त्यांपैकी २०४ प्रजातींत घट आढळली. उर्वरित ६०४ प्रजातींसाठी माहिती अपुरी पडली. पक्षी दिसल्याची सुटी नोंद पुरेशी नसते. किती वेळ निरीक्षण केले आणि ओळखता आलेल्या सर्व प्रजाती लिहिल्या काय, हे कळले तरच पक्षी न दिसण्यालाही अर्थ प्राप्त होतो. ई-बर्डवरील संपूर्ण यादीचे महत्त्व यातच आहे.

ताथवडे परिसराचा विचार केल्यास ही उणीव स्पष्ट होते. २००९ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झालेल्या या गावाच्या शेतजमिनींवर व माळांवर गृहसंकुले उभी राहिली. मोकळ्या अधिवासातील पक्ष्यांची घट अहवालाने विशेषत्वाने नोंदविली आहे. परंतु एखाद्या माळाच्या जुन्या, नियमित याद्याच नसतील, तर तेथील चंडोल नाहीसा झाला की तो कोणी पाहिलाच नाही, हे सांगता येत नाही.

डॉ. माधव गाडगीळ यांनी १९९० च्या दशकात पुढे आणलेली लोकजैवविविधता नोंदवही हा दुसरा मार्ग होय. शेतकरी, गुराखी व मच्छीमार यांचे ज्ञान तीत अभिप्रेत आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ व २००४ च्या नियमांनी स्थानिक समित्यांवर ही जबाबदारी सोपविली. पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली. मुदतीच्या धाकाने नोंदवही पूर्ण होऊ शकते. लोकसहभाग मात्र त्यामुळे निर्माण होत नाही.

निष्कर्ष
एका मार्गात संख्याशास्त्रीय शिस्त आहे, तर दुसऱ्यात स्थानिक ज्ञान व वैधानिक आधार आहे. या दोहोंची सांगड महाविद्यालये घालू शकतात. ठरावीक जागी, दर महिन्याला, वर्षानुवर्षे केलेल्या याद्या स्थानिक समितीकडे पोहोचल्या, तर बांधकामापूर्वी काय होते याचा पुरावा उपलब्ध राहील. अन्यथा नागरिक केवळ माहितीचा पुरवठादार ठरेल आणि निर्णयात त्याला स्थान उरणार नाही.