दमट हवा आणि मॅकरॉन

मॅकरॉनची पारख काचेबाहेरून होत नाही. पिस्त्याचा हिरवा, गुलाबाचा फिका लाल, कॉफीचा तपकिरी असे रंग कुणालाही आणता येतात. खरी परीक्षा दातांखाली होते, आणि तीही पहिल्याच क्षणाला. वरचं कवच इतकं पातळ हवं की ते फुटल्याचं जाणवावं, पण त्याचा कण टाळूला टोचू नये. लगेच खाली बदामाचा ओलसर, जरासा चिवट थर यावा, आणि त्यानंतर सारण. एका घासात एकामागून एक येणारे हे तीन पोत म्हणजेच मॅकरॉन. त्यातला एक जरी चुकला तरी उरते ती फक्त महागडी साखर.

कोलकात्यात बालीगंजच्या एका लहानशा पॅटिसरीत मला हे तिन्ही पोत नीट जुळलेले मिळाले. बाहेर पावसाळ्यातली अंगाला चिकटणारी हवा होती. त्या हवेत हा पदार्थ मुळात तयार कसा झाला असेल, याचं मला चवीइतकंच अप्रूप वाटलं. तिथून पुढे शहरातल्या बेकऱ्या हिंडताना माझी खात्रीच होत गेली की या गावात गोडाचा शेवटचा निवाडा हवा करते. कुठला पदार्थ इथे रुजला, कुठला पाहुणा म्हणून राहिला, हे तिनेच ठरवलं आहे.

मॅकरॉनला लागतं काय, तर अंड्यातलं पांढरं, साखर आणि बारीक दळलेले बदाम. पांढऱ्याचा घट्ट फेस करून त्यात बदाम आणि साखर कालवतात. कालवताना तो फेस मुद्दाम थोडा मोडावा लागतो. कमी मोडला तर वर शेंडे राहतात, जास्त मोडला तर मिश्रण पसरतं. उलथन्यावरून ते न तुटता, सलग, संथपणे ओघळायला लागलं की हात थांबवायचा. मग ट्रेवर गोल टिकल्या घालून त्या अर्धा-पाऊण तास उघड्या ठेवायच्या. त्यांच्यावर कोरडी त्वचा धरते. बोट लावलं तर बोटाला काही लागत नाही. भट्टीत गेल्यावर आतल्या वाफेला ही त्वचा वरून वाट देत नाही, म्हणून वाफ खालच्या कडेने निसटते आणि तिथे खडबडीत झालर उठते. बेकर तिला मॅकरॉनचे पाय म्हणतात. त्वचा धरली नसेल तर टिकली वरूनच तडकते आणि पाय फुटत नाहीत.

पावसाळ्यात कोलकात्याच्या हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जाते. अशा हवेत त्वचा धरायची कशी? म्हणून इथे हे काम बंद, थंड, कोरड्या केलेल्या खोलीत चालतं. आणि कष्ट तिथे संपत नाहीत. सारण भरल्यावर मॅकरॉन दिवसभर फ्रिजमध्ये मुरवतात. सारणातला ओलावा हळूहळू कवचाच्या आतल्या बाजूला पोचतो आणि तो चिवट थर तयार होतो. भट्टीतून नुकताच निघालेला मॅकरॉन म्हणूनच कोरडा लागतो, कालचा खावा. पण तो कालचा, गार मॅकरॉन डब्यात घालून रस्त्यावर आणला की त्याच्यावर दव धरतं, साखर ते ओढून घेते आणि कवच बोटांना चिकटायला लागतं. कोलकात्यात मॅकरॉन घरी न्यायच्या भानगडीत पडू नये. काउंटरपाशी उभं राहून, कॉफी येण्याआधी खाऊन टाकावा.

चवीबद्दल माझं एक ठाम मत आहे. हिवाळ्यात इथले बेकर मॅकरॉनमध्ये नोलेन गूळ भरतात. ज्या झाडाला आपण शिंदी म्हणतो, त्याच झाडाचा थंडीतला रस आटवून हा गूळ करतात. त्याला धुराचा हलका वास असतो आणि गोडीच्या मागे एक खोल, मातकट सूर असतो. हा सूर मॅकरॉनच्या कवचात बुडून जातो, कारण कवचात बदामापेक्षा साखरच जास्त. गोडावर गोड चढवून गुळाचा अपमान होतो. त्या कवचाला आत आंबट किंवा कडू काहीतरी हवं, आणि ते या शहराकडे आहे: गंधराज लिंबू. त्याच्या सालीचा नुसता कीस भाताजवळ ठेवला तरी सगळं ताट दरवळतं. लोण्याच्या सारणात गंधराजाची साल आणि रस उतरला की कवचाची साखर मागे सरते आणि बदाम बोलू लागतो. पॅरिसच्या लादुरे या १८६२ सालच्या दुकानामुळे जगभर गेलेल्या या पदार्थाला बंगालने द्यायची भेट हीच असावी.

पण या शहरात एक जुना मॅकरूनही आहे, आणि तो मला अधिक जवळचा वाटला. रफी अहमद किडवाई रोडच्या आसपास, जिथे अँग्लो-इंडियन आणि गोवेकर घरं दाटीने राहत, तिथल्या एका गल्लीत साल्डान्हा बेकरी आहे. इग्नेशियस आणि उबेलिना साल्डान्हा या गोवेकर दांपत्याने ती १९३० साली सुरू केली. हा भाग पार्क स्ट्रीटसारखा सजलेला नाही. बेकरी शोधावी लागते, आणि शोधताना नाक डोळ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतं. इथे अक्रोडाचा केक आहे, चीज घातलेले खुसखुशीत प्रकार आहेत, पॅटिस आहेत. मी थांबलो तो नारळाच्या मॅकरूनपाशी.

दिसायला तो साधा, ओबडधोबड. वरचे उंचवटे भाजून तांबूस झालेले, खळग्यांतला भाग पांढरट. पहिल्या चाव्याला त्या तांबूस टोकांचा करपट-गोड वास येतो, साखर जळायच्या अगदी अलीकडे थांबली की येतो तसा. मग दात आत शिरतात आणि ओल लागते. खोबऱ्याचा तंतू तुटत नाही, तो चावावा लागतो. चावता चावता त्यातलं दूध सुटत जातं, आणि गोडी एकदम न येता हप्त्याहप्त्याने येते. घास गिळल्यावरही तोंडात नारळाचा स्निग्धपणा रेंगाळतो. आपली नारळाची वडी साखरेच्या पाकावर उभी असते आणि पाक जमला की ती कडक होते. या मॅकरूनला मात्र अंड्याच्या फेसाने पोटात हवा दिली आहे, त्यामुळे तो दाट असूनही जड नाही.

हे गोवेकर स्वयंपाकघरातून आलं यात मला एक तर्कही दिसतो. बेबिंकाला अंड्यांचे बलक लागतात, आणि ते ढिगाने लागतात. उरलेल्या पांढऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न तिथल्या प्रत्येक बाईला पडत असणार. नारळ तर घरात होताच. दोदोल, बाथ, बेबिंका, सगळं त्याच्यावरच चालतं. पोर्तुगीजांची ये-जा असलेल्या दक्षिणेतल्या तूतुकुडीत हाच पदार्थ काजूचा होतो: अंड्याचं पांढरं, साखर आणि काजू, टोक काढलेला, तोंडात टाकताच विरघळणारा. बदाम पॅरिसला, काजू तूतुकुडीला, नारळ कोलकात्याला. पण तूतुकुडीचा मॅकरून पूर्ण कोरडा, हवाबंद डब्यात जपायचा; कोलकात्याच्या आषाढात तो तासाभरात मान टाकील. नारळाचा मॅकरून मुळातच ओला आहे. हवेतली ओल त्याचं काही बिघडवत नाही. या शहरात बेकरीचा माल पत्र्याच्या पेटीत घालून, पेटी डोक्यावर घेऊन घरोघर हिंडणारे फेरीवाले असत. उन्हात तापलेल्या त्या पेटीत क्रीमची पेस्ट्री टिकली नसती, मॅकरॉन तर नाहीच. हा टिकला. त्याचा ओबडधोबडपणा मला त्या पेटीच्या मापाने घडलेला वाटतो.

न्यू मार्केटमधलं नाहूम्स हे याहून जुनं. नाहूम इस्राएल मॉर्डेकाय या बगदादी ज्यू गृहस्थाने १९०२ साली धंदा सुरू केला आणि १९१६ पासून दुकान या मार्केटात आहे. मार्केट स्वतः १८७४ सालचं. सर स्टुअर्ट हॉग यांचं नाव त्याला नंतर मिळालं. आपल्या कोकणातले बेने इस्राएल मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे. कोलकात्याचे ज्यू त्यांच्याहून वेगळे. ते अलेप्पो आणि बगदादकडून व्यापारासाठी आले, पुण्याचं लाल देऊळ बांधणाऱ्या डेव्हिड ससूनसारखे. एकेकाळी हजारोंनी असलेला हा समाज आता मूठभर उरला आहे, आणि बहुतेक कोलकातेकरांची त्याच्याशी ओळख होते ती या दुकानाच्या काउंटरवर. तिसऱ्या पिढीतले डेव्हिड नाहूम २०१३ साली वारले. डिसेंबरात इथल्या रांगा मार्केटच्या गल्लीत लांबवर पसरतात.

जुनं लाकूड, काचेची कपाटं, आत पत्र्याचे ट्रे. पदार्थांना इथे मांडणीचा सोस नाही. चीज सामोसा आणि बकलावा हे पश्चिम आशियाची आठवण ठेवणारे पदार्थ इंग्रजी प्लम केकच्या शेजारी बसलेले असतात. मी सावकाश खाल्ला तो फ्रूट केक. त्याची फोड भुगा होत नाही, सुरीला थोडी धरून ठेवते. कडेला रंग काळपट, मध्ये गडद तपकिरी, आणि फळ इतकं मुरलेलं की मनुका कुठे संपतो नि केक कुठे सुरू होतो ते जिभेला कळू नये. कोलकात्याच्या नाताळच्या केकमध्ये कोहळ्याचा मुरब्बाही पडतो. तो दातांखाली आला की क्षणभर कचकच होते आणि त्या सगळ्या काळोख्या गोडीत एक स्वच्छ फट पडते. मुरवलेलं फळ आणि भरपूर साखर घातलेला हा केक दमट हवेत आठवडेच्या आठवडे राहतो, उलट चढत जातो. त्याच्या शेजारचा लिंबाचा टार्ट मात्र त्याच दिवशी खावा. दुसऱ्या दिवशी तळाचं पीठ लिंबाच्या सारणाची ओल पितं आणि खुसखुस निघून जाते.

पार्क स्ट्रीटवरच्या फ्लुरीजबद्दल खूप लिहिलं गेलं आहे, त्यामुळे थोडक्यात. स्विस फ्लुरी दांपत्याने १९२७ साली ते सुरू केलं. तिथला रम बॉल मागवावा. केकचे उरलेले कड-तुकडे, कोको आणि रम यांचा हा गोळा म्हणजे बेकरीतल्या काटकसरीचं सर्वात चविष्ट रूप आहे, आणि हवेला तोही घाबरत नाही.

आज आपण या दुकानांत सहज शिरतो. पण यांच्या आधीच्या काळात बेकरीचा उंबरा ओलांडणं ही बंडखोरी होती. डेव्हिड विल्सन या बेकरीवाल्याने १८४० च्या सुमारास जे हॉटेल काढलं आणि जे पुढे ग्रेट ईस्टर्न म्हणून नावाजलं, तिथला पाव-बिस्किट खाणं सनातनी बंगाली घरात धर्मबुडवेपणाचं मानत. राजनारायण बसूंनी आपल्या आत्मचरितात लिहून ठेवलं आहे की ब्राह्मो समाजात प्रवेश केला त्या दिवशी त्यांनी आणि मित्रांनी जात मानत नाही हे दाखवायला बिस्किट खाल्लं आणि शेरी घेतली. मराठी वाचकाला इथे १८९० सालचं पंचहौद मिशनचं चहा प्रकरण आठवल्याशिवाय राहणार नाही. रानडे आणि टिळकांसारखी माणसं चहा-बिस्किटांपायी ग्रामण्यात ओढली गेली आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. साल्डान्हाच्या काउंटरवर निरनिराळ्या घरांतली माणसं एकाच ट्रेमधला मॅकरून मागताना पाहिली तेव्हा मला हे सगळं आठवलं, आणि त्या बिस्किटाबद्दल फार आदर वाटला.

कवच आणि आत सारण, ही कल्पना मात्र बंगालला कुणा परदेशी बेकराने शिकवली नाही. हुगळीकाठचं चंद्रनगर १९५० पर्यंत फ्रेंचांकडे होतं, पण तिथलं नावाजलेलं गोड फ्रेंच नाही. ते आहे जलभरा तालशांस संदेश, सूर्यकुमार मोदक यांच्या दुकानाचा. ताडगोळ्याच्या आकाराच्या लाकडी साच्यात छेना दाबून त्याच्या पोटात गुलाबपाणी भरतात. जावयाची फजिती करायला एका जमीनदाराच्या घरून अशा मिठाईची फर्माईश आली होती, असं सांगतात. मला त्यातली कारागिरी जास्त भावते. संदेशाचे दोन पाक असतात, नरम आणि कडा. नरम पाकाच्या छेन्यातून पाणी झिरपून जाईल. म्हणून जलभऱ्याला कडा पाक, जास्त वेळ परतलेला, घट्ट, किंचित रवाळ. तोच ते पाणी धरून ठेवतो, दमट हवेत आणि वातानुकूलित खोलीशिवाय. दात बसला की रवाळ कवच फुटतं आणि गार, पातळ गोडी एकदम तोंडभर होते. कवच आणि सारण यांचा इतका टोकाचा विरोध मॅकरॉनलाही साधलेला नाही.

थंडीत त्याच पोटात गुलाबपाण्याऐवजी पातळ नोलेन गूळ असतो, आणि मॅकरॉनमध्ये हरवणारा त्याचा धुरकट सूर इथे पूर्ण ऐकू येतो, कारण छेन्याची गोडी मवाळ आहे. त्यामुळे कोलकात्याला कुणी डिसेंबर-जानेवारीत जाणार असेल तर मी एवढंच सांगेन: एक सकाळ बेकऱ्यांतून काढून हावड्याहून चंद्रनगरची लोकल पकडा, तासाभराचा रस्ता आहे. आणि जलभरा खाताना पुढे वाकून उभे राहा, नाहीतर गूळ सदऱ्यावर जातो.