रांग मोडणाऱ्या ब्राउझरची समीक्षा

समीक्षा म्हटलं की आपल्याला पुस्तक आठवतं, नाटक आठवतं, फार तर सिनेमा. आज मी एका सॉफ्टवेअरची समीक्षा करणार आहे. ते नीट चालतं का, फोन हँग होतो का, असलं परीक्षण नव्हे. ते करणारे यूट्यूबवर पुष्कळ आहेत. मला बघायचंय ते वेगळं. या वस्तूच्या रचनेत कोणती कल्पना दडलेली आहे? ती कुणाच्या बाजूची आहे? आणि तिची सारखी सारखी येणारी अपडेट्स नेमकं काय सांगतात? वस्तू म्हणजे, तिकीट काढण्यासाठी खास बनवलेला ब्राउझर. आणि हा विषय बोलायला पालघर, बोईसर, तारापूर हाच पट्टा का, ते ओघात येईलच.

आधी साधा ब्राउझर बघू. क्रोम घ्या, फायरफॉक्स घ्या. तो तुमचा निरोप्या असतो. तुमच्या वतीने दार वाजवतो, आत काय आहे ते आणून दाखवतो. संकेतस्थळ त्याच्या हातात एक चिठ्ठी देतं, तिला कुकी म्हणतात. पुढच्या खेपेला ती चिठ्ठी बघून ते ओळखतं, की हा मघाचाच माणूस. यात एक हिशेब गृहीत धरलेला आहे, बरं का. माणूस एक, निरोप्या एक, रांगेतली जागा एक.

तिकिटाचा खास ब्राउझर नेमका हाच हिशेब मोडतो. एकाच पडद्यावर वीस-पंचवीस टॅब, प्रत्येकाची कुकी वेगळी, प्रॉक्सी लावून प्रत्येकाचा पत्ता वेगळा. नाव, वय, कार्डाचा नंबर आपोआप भरला जातो. म्हणजे एकच माणूस पंचवीस सोंगं घेऊन रांगेत उभा, आणि प्रत्येक सोंगाच्या हातात सुट्टे पैसे तयार. कार्यक्रमांच्या तिकिटांच्या धंद्यात अशी साधनं परदेशात उघड वापरली जातात. अमेरिकेने २०१६ साली तिकीट काढणाऱ्या बॉटविरुद्ध वेगळा कायदाच केला. कायदा करावा लागला, यातच सगळं आलं.

आता अपडेट्सकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. साध्या ब्राउझरचं अपडेट कशासाठी येतं? सुरक्षेतलं भोक बुजवायला, नवी सोय द्यायला. तिकिटाच्या ब्राउझरचं अपडेट कधी येतं? तिकीट विकणाऱ्याने आपलं कुलूप बदललं की. त्यांनी कॅप्चा बदलला, इकडे अपडेट. त्यांनी ओटीपी आणला, इकडे अपडेट. या सॉफ्टवेअरला स्वतःचं असं काही सुचत नाही. याच्या प्रत्येक आवृत्तीत समोरच्या दाराचा ठसा असतो. लेखक म्हणून बघितलं तर हा नक्कलकार आहे. हुशार आहे, चपळ आहे, पण नक्कलकारच.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. कोल्डप्लेचे कार्यक्रम नवी मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये झाले. तिकीटविक्री २२ सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी बाराला बुकमायशोवर उघडली, आणि साइट कोलमडली. लोकांना रांगेतले लाखांतले नंबर दिसत होते. मग तीच तिकिटं दुसऱ्या साइटवर कितीतरी पट भावाने दिसायला लागली. त्यात बॉट किती आणि चाहते किती, यावर वाद घालता येईल. पण तिकिटांच्या काळ्या बाजाराविरुद्धची जनहित याचिका जेव्हा मुंबई उच्च न्यायालयात गेली, तेव्हा जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. मुद्दा असा होता, की याबाबतचा कायदा करणं हे विधिमंडळाचं आणि सरकारचं काम आहे.

तुम्ही म्हणाल, कोल्डप्ले नाही बघितलं तर काय बिघडतं? काही नाही बिघडत. म्हणूनच मला त्या उदाहरणावर थांबायचं नाही. हेच यंत्र रेल्वेच्या तिकिटाला लावा, मग बघा.

तारापूर एमआयडीसीत रसायनं, औषधं, कापड, पोलाद यांचे कारखाने आहेत. तिथे काम करणारे हजारो लोक उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशाचे आहेत. त्यांच्या आयुष्यातले 'इव्हेंट' कोणते? छठ, होळी, ईद, बहिणीचं लग्न, बापाचं आजारपण. या इव्हेंटचं तिकीट म्हणजे स्लीपरचा एक बर्थ. तो नाही मिळाला तर जनरल डब्यात दाराशी बसून दीड-दोन दिवस. किंवा जायचंच नाही.

आणि या बर्थसाठी बनलेल्या सॉफ्टवेअरचा इतिहास कार्यक्रमांच्या तिकिटांपेक्षा जास्त रंगतदार आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सीबीआयने अशा एका प्रकरणात अटक केली ती आपल्याच असिस्टंट प्रोग्रामरला. हा गृहस्थ आधी आयआरसीटीसीत नोकरीला होता. सॉफ्टवेअरचं नाव होतं 'निओ'. पुढे 'एएनएमएस', 'रेड मिर्ची', 'ब्लॅक टीएस' अशी नावं आली. रेल्वे सुरक्षा दलाने ती मोडून काढली, आणि २०२० साली नवीन सापडलं, 'रेअर मँगो'. त्याचंच पुढे 'रिअल मँगो' झालं. नावं ऐका हो! मिर्ची, आंबा. भाजी मंडईच.

रेल्वे सुरक्षा दलाने 'रिअल मँगो'ची कार्यपद्धती तेव्हा जाहीर केली होती. कॅप्चा चुकवायचा. बँकेचा ओटीपी मोबाइलमधल्या ॲपमधून उचलून आपोआप फॉर्ममध्ये टाकायचा. प्रवाशांची माहिती आणि पैशांचा तपशील आपोआप भरायचा. अनेक आयडींनी एकदम लॉगिन करायचं. विक्री पाच पायऱ्यांच्या साखळीतून, आणि वरच्या माणसाला पैसे बिटकॉइनमध्ये. या यादीत प्रवासी कुठे आहे, सांगा. नाही. तो फक्त भरायची माहिती आहे. सॉफ्टवेअरच्या भाषेत 'यूजर' कोण? तर दलाल. माझा पहिला आक्षेप हाच आहे. ज्याच्या नावावर तिकीट निघतं त्याला या वस्तूच्या रचनेत जागाच नाही.

आता दुसऱ्या बाजूची अपडेट्स. कारण समीक्षा एकतर्फी करून चालत नाही. रेल्वेनेही आवृत्त्या काढल्या. जून २०२५ मध्ये रेल्वेने सांगितलं, की तत्काळ आरक्षण उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी ५० टक्क्यांपर्यंत प्रयत्न बॉटचे असतात. अडीच कोटींहून जास्त संशयित आयडी बंद केले. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार पडताळणी सक्तीची झाली. अधिकृत एजंटांना पहिल्या दिवशीची तत्काळ तिकिटं पहिल्या अर्ध्या तासात काढायला बंदी आली. एसीसाठी १० ते १०.३०, बिगर-एसीसाठी ११ ते ११.३०. कायद्यानेही साथ दिली. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४३ प्रमाणे परवानगीशिवाय तिकिटांचा धंदा करणं हा गुन्हा आहे, आणि ते ऑनलाइन तिकिटांनाही लागू होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे गाण्याच्या तिकिटाला जे कायद्याचं कवच नाही, ते रेल्वेच्या तिकिटाला आहे. हे सगळं चांगलं आहे. मनापासून सांगतो, चांगलं आहे.

पण जरा घड्याळ बघा. दहा आणि अकरा. त्या वेळेला बोईसरचा कामगार कुठे असतो? पहिली पाळी सात ते तीन. बऱ्याच रासायनिक कारखान्यांत मोबाइल आत नेता येत नाही, तो गेटवर नाही तर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. नेता आला, तरी मशीन सोडून अकरा वाजता कोण अंगठा टेकवून बसणार? रात्रपाळीवाला त्या वेळी झोपलेला. आधारला जोडलेला नंबर पुष्कळदा गावाकडचा जुना, नाहीतर भावाच्या फोनमधला. मग तो जातो कुठे? कोपऱ्यावरच्या दुकानात. झेरॉक्स, रिचार्ज, पैसे पाठवणं आणि रेल्वे तिकीट, असा एकच बोर्ड असतो. त्या दुकानात अधिकृत एजंटही असतो, आणि स्वतःच्या पाच-दहा आयडींवर चोरून तिकिटं काढणाराही असतो. दोघांना एका मापाने मोजू नका. पण कामगार दोघांकडून एकच वस्तू विकत घेतो. वेळ. सकाळी अकराला मोकळी असलेली दोन बोटं.

इथे मला दोन्ही बाजूंच्या सॉफ्टवेअरमध्ये एक साम्य दिसतं, आणि ते मला खटकतं. २२ मे २०२५ रोजी दहा ते दहा-एक या एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं निघाली. रेल्वेने हा आकडा विक्रम म्हणून सांगितला. यंत्रणेची ताकद म्हणून तो मोठा आहेच. पण हाच आकडा प्रवाशाच्या बाजूने वाचा. मिनिट चुकलं की संपलं! दलालाचं सॉफ्टवेअर म्हणतं, मी जास्त वेगवान. रेल्वेचं सॉफ्टवेअर म्हणतं, मी त्याहून वेगवान. दोघांचाही देव एकच, वेग. आणि एक गोष्ट दोघांच्याही कुठल्याच अपडेटने होत नाही. डब्यात बर्थ वाढत नाही. ७२ चे ७३ होत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं. रांग मोडणारा ब्राउझर हा आजार नाही, ते लक्षण आहे. वस्तू कमी आहे आणि ती 'जो आधी दार वाजवेल त्याला' अशी वाटली जाते, तोवर दार वेगाने वाजवणारं यंत्र कुणीतरी विकणारच. तुम्ही एक आवृत्ती मोडा, दुसरी येईल. मिर्ची गेली, आंबा आला.

हे टाळायचा एक नमुना आपल्याच राज्यात आहे. म्हाडाची सोडत. घरं थोडी, अर्ज अफाट. तरी म्हाडाच्या अर्जासाठी 'फास्ट ब्राउझर' कुणी विकतं का? नाही. कारण पहिल्या दिवशी पहाटे अर्ज भरा नाहीतर मुदतीच्या आदल्या रात्री भरा, चिठ्ठी एकच. वेगाला तिथे किंमतच नाही. सोडतीवर आपण दुसरे हजार आक्षेप घेतो, घ्यावेतही. पण बोटांच्या चपळाईचा आक्षेप कुणी घेत नाही. विम्बल्डनची तिकिटंही लोक कित्येक दशकं चिठ्ठ्यांनी मिळवत आले आहेत.

समजा तत्काळच्या काही जागा अशा वाटल्या. आदल्या संध्याकाळी सहापासून रात्री दहापर्यंत मागणी नोंदवा, मग संगणकाने सोडत काढावी, सकाळी निकाल. पाळी कुठलीही असो, कामगाराला त्यातला अर्धा तास सापडेल. पाहिजे तर थोड्या जागा आत्तासारख्याच ठेवा, ज्याला सकाळीच कळलंय की घरी कुणी गेलं, त्याच्यासाठी. आणि आधार पडताळणी इथे खरी उपयोगी पडेल, कारण सोडतीचा शत्रू वेग नसतो, खोटे अर्ज असतात. एका माणसाची एक चिठ्ठी, एवढं सांभाळलं की पंचवीस टॅबवाल्याच्या हातात काय उरलं?

इथे मागून प्रश्न आलाय, की सोडतीत ज्याला खरंच निकड आहे त्याचा नंबर नाही लागला तर? रास्त आहे. नाही लागणार कधी कधी. सोडत निकड ओळखत नाही. पण आत्ताची पद्धतही निकड ओळखत नाही, ती फक्त मोकळा वेळ, चांगलं नेटवर्क आणि दलालाला द्यायचे पैसे ओळखते. या तीन गोष्टींपेक्षा नशीब जास्त समान वाटलं जातं, एवढंच मी म्हणतो. खरा उपाय जास्त गाड्या आणि जास्त स्लीपर डबे हाच आहे. सोडत ही त्याला पर्याय नव्हे, तोवरची सभ्य वागणूक आहे.

दुसरा प्रश्न, मग ही सॉफ्टवेअर वापरणाऱ्या पोरांवर कारवाई नको का? हवी. धंदा करणाऱ्यावर हवीच. पण पकडलेल्या प्रत्येक दलालामागे रद्द झालेली तिकिटंही असतात, आणि त्यावर नावं प्रवाशांची असतात. ज्याने जास्तीचे पैसे मोजले, त्याचा बर्थही गेला आणि सणही गेला. त्याची नोंद कुठल्याच आवृत्तीच्या यादीत होत नाही.

तेव्हा यापुढे तिकिटाच्या कुठल्याही ॲपचं, साइटचं 'नवीन काय' असं पान उघडलं, की वेग किती वाढला ते बघू नका. एकच विचारा. सकाळी अकरा वाजता ज्याचे हात मशीनवर अडकलेत, त्याला या अपडेटने काही दिलं का? दिलं असेल तर ते चांगलं अपडेट. नाहीतर नुसता नंबर बदलला.