पिवळ्या रेषेच्या आत

‘वेड घेऊन पेडगावला जाणे’ या वाक्प्रचारातले पेडगाव भीमेकाठचे, श्रीगोंदा तालुक्यातले. आम्ही गेलो होतो ते परभणी तालुक्यातले, मनमाड-परभणी लोहमार्गावरचे. आसपासच्या गावांतले काही शिक्षक तिथे भेटले. बोलता बोलता आम्ही विचारले, ‘‘सहावी-सातवीतली मुले तंबाखूकडे का वळतात?’’ उत्तरे भराभर आली : संगत, घरचे वळण, टपऱ्या, मोबाइल. शाळेचे नाव कोणीच घेतले नाही. पहिला अर्धा तास आम्हीही घेतले नाही, हे कबूल केले पाहिजे. तेव्हा त्या वाक्प्रचाराची आठवण झाली.

शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करायला २००३च्या कायद्याने बंदी आहे. पुढे २०१९ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि शंभर यार्डांवर पिवळी रेषा आखली जाऊ लागली. रेषा चांगलीच आहे. पुडी हाताशी नसेल तर काही हात तरी मागे राहतात. पण सगळ्यांचे लक्ष त्या रेषेकडे लागले आहे आणि तिच्या आत काय चालते ते मोजायचे राहून गेले आहे, अशी आमची तक्रार आहे.

‘ग्लोबल यूथ टोबॅको सर्व्हे’ची भारतातली चौथी फेरी पाहा. ती २०१९ मध्ये झाली. ९८७ शाळांतल्या ९७,३०२ विद्यार्थ्यांनी तीत भाग घेतला. १३ ते १५ वर्षांच्या मुलामुलींपैकी ८.५ टक्के तंबाखू वापरत होती. आम्हाला त्याहून बोलका वाटतो तो दुसरा आकडा : धूरविरहित तंबाखू वापरून पाहिलेल्यांपैकी ५२ टक्क्यांनी ती दहावा वाढदिवस होण्याआधीच तोंडात घातली होती. म्हणजे चौथीच्या आसपास! ‘वयात येताना पोरे बहकतात’ हे आपले आवडते स्पष्टीकरण इथे निम्म्या मुलांना लागूच पडत नाही.

पाहणी काळजीपूर्वक केलेली आहे, तरी तिच्यात दोन मोठी भोके आहेत. पहिले असे, की प्रश्नावली मिळते वर्गात बसलेल्या मुलाला. शाळा सोडलेले किंवा ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेले पोर त्या दिवशी वर्गात नसते, आणि म्हणून आकड्यातही नसते. दुसरे भोक अधिक खोल आहे. जाहिरात, विक्री, घरातला धूर, शाळेत दिलेली माहिती, हे सारे विचारले जाते. पण ‘शाळेत तुझी जात, भाषा, कपडे किंवा आईबापांचा धंदा यांवरून तुला कोणी हिणवले का?’ असा प्रश्न नाही. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अहवालात कोठून येणार?

हा प्रश्न विचारल्यावर काय दिसते? अमेरिकेत आयोवा आणि जॉर्जिया या राज्यांतल्या शेकडो कृष्णवर्णीय कुटुंबांचा अभ्यास गिबन्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. सुरुवातीला मुले दहा-अकरा वर्षांची होती. त्यांना पुन्हा गाठले ते दोनेक वर्षांनी. भेदभावाचे अनुभव आणि नंतरचे व्यसन यांचा संबंध दिसला, पण तो थेट नव्हता. अपमानाने मन खचते, चिंता वाढते. खचलेल्या मनाला ‘घेऊन बघू’ म्हणणारे मित्र जवळचे वाटतात, आणि मग सुरुवात होते. म्हणजे पेडगावच्या शिक्षकांनी सांगितलेली संगत खोटी नव्हती. ती साखळीतली मधली कडी आहे. आधीच्या कड्या आपण पाहत नाही, इतकेच. (ज्यांना घरात आईबापांचा आधार होता, त्या मुलांत ही साखळी सैल पडली होती.)

इथे घाई नको. तो अभ्यास वंशभेदाचा होता, केवळ शाळेचाही नव्हता. शिवाय भेदभाव किती झाला हे मुलांच्याच सांगण्यावरून ठरवलेले होते. तिकडचे निष्कर्ष जसेच्या तसे परभणीला चिकटवणे शास्त्राला धरून नाही.

पण पहिली कडी, म्हणजे वर्गातल्या अपमानाचा मनावर होणारा परिणाम, आपल्या देशात तपासली गेली आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित आणि सवर्ण मुले बरोबरीत होती. मिश्र गटात प्रत्येकाची जात मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी सुमारे वीस टक्क्यांनी घसरली. मुले तीच होती, कोडीही त्याच प्रकारची. बदलले ते फक्त एक वाक्य. आता आपल्याकडे शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना भर वर्गात प्रवर्गाचे नाव घेऊन मुलांना उभे करतात, ते आठवा. उभे करणाऱ्या बाईंच्या किंवा सरांच्या मनात वाकडे काही नसते. त्यांना यादी पुरी करायची असते. प्रयोगात मुलांना हे एकदा सोसावे लागले. आपल्याकडे ते दर वर्षी होते.

आणखी एक शंका. व्यसनविरोधी मोहीमच भेदभाव करत असेल तर? खिसे तपासायचे ठरले की प्रथम कोणाचे तपासले जातात? पारधी वस्तीवरचा मुलगा आणि सरपंचांचा मुलगा, दोघांकडे पुडी सापडली तर दोघांच्या पालकांशी बोलण्याचा सूर एकच असतो का? ‘तुमच्यात चालतंच’ हे वाक्य ऐकलेले मूल त्या पुडीबद्दल काय शिकले असेल?

शाळेचे वातावरण बदलून व्यसन घटते का, हे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात ‘गेटहाउस’ प्रकल्पाने २६ माध्यमिक शाळांत पाहिले. धूम्रपान आणि मद्यपानाचे प्रमाण इतर शाळांपेक्षा तीन ते पाच टक्क्यांनी कमी भरले. फरक लहान आहे. आणि गंमत म्हणजे, ज्या नात्यांतून तो यावा अशी कल्पना होती, त्या शाळेतल्या नात्यांत मोजण्याजोगा बदल आढळला नाही. तेव्हा यंत्रणा नेमकी कोणती, हा प्रश्न उघडाच आहे.

तो सोडवायला मोठा निधी लागत नाही. पुढच्या वेळी शाळेत तंबाखूची प्रश्नावली वाटाल तेव्हा तिच्यात तीन प्रश्न घाला : तुला वर्गात कोणत्या नावाने हाक मारतात? गेल्या महिन्यात कोणाबरोबर डबा खाल्लास? काही चुकले तर प्रथम संशय कोणावर येतो? नाव लिहून घेऊ नका. आणि ते कागद वर्गशिक्षकांनी गोळा करू नयेत. पेटी दाराशी ठेवावी.