चेहरा पुरे, आता बाजूने बघा

मोटारींच्या दिसण्यावर जीव तोडून बोलणारी माणसं नवी मुंबईत जागोजागी भेटतात, आणि ते साहजिक आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीला सुरू होतो. पिंपरी, चाकण, नाशिकच्या कारखान्यांत घडणाऱ्या गाड्या बाजारात येण्याआधी कित्येक महिने महाराष्ट्राच्या रस्त्यांवर चाचणीसाठी फिरत असतात. अंगभर काळ्या-पांढऱ्या वेलबुट्टीचं स्टिकर असतं आणि दिवे झाकलेले असतात. शेजारच्या लेनमधून कुणीतरी फोटो काढतो आणि संध्याकाळपर्यंत वाशीपासून खारघरपर्यंत वाद पेटलेला असतो. दिवे वर असतील की खाली, ग्रिल किती मोठी, मागची लाल पट्टी अखंड की तुटक?

या सगळ्या वादांत एक तक्रार हमखास येते: हल्ली गाड्या सारख्याच दिसतात. तक्रार खरी आहे. पाम बीच मार्गावरच्या कुठल्याही सिग्नलला थांबलेल्या नव्या गाड्या पाहाव्यात. बोनेटच्या काठाशी दिव्याची बारीक रेघ, खरा हेडलाइट खाली बंपरमध्ये, चाकांभोवती काळं प्लास्टिक, मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल पट्टी. दिवे असे वर-खाली विभागायची रीत निसान ज्यूकने २०१० मध्ये जगभर चर्चेत आणली. आपल्याकडे २०१९ मध्ये हॅरियर, हेक्टर आणि व्हेन्यू यांनी ती रुजवली. हॅरियरवर ती शोभली, कारण त्या गाडीचं नाक उंच आणि रुंद होतं. वर बारीक रेघ आणि खाली मोठा दिवा यांना तिथे जागा होती. मग तेच लहान गाड्यांवर आलं आणि गर्दी झाली. शिवाय बंपरमधला हेडलाइट सायन-पनवेल महामार्गाच्या कोंडीत पहिला मार खातो, हा त्रास वेगळाच.

ही साथ पसरली त्यामागे कारखान्याचा हिशेब आहे. एलईडीमुळे दिवा बोटाएवढा बारीक करता येतो, कुठेही बसवता येतो. पत्रा दाबायचे साचे बदलणं मात्र आजही फार महाग पडतं. त्यामुळे फेसलिफ्ट आलं की बंपर, ग्रिल आणि दिवे बदलतात. दारं, छत, काचा तशाच राहतात. २०२३ ची नेक्सॉन, २०२४ ची क्रेटा, २०२५ ची अल्ट्रोझ, तिघींची डागडुजी याच रीतीने झाली. शौकिनांनीही मग चेहऱ्यालाच डिझाइन मानलं. त्यातली निम्मी चर्चा तर अंधारात पेटलेल्या डीआरएलच्या, म्हणजे दिवसा लावायच्या दिव्यांच्या, फोटोवर होते.

माझा आक्षेप इथेच आहे. गाडी वाईट दिसते तेव्हा दोष बहुतेक वेळा दिव्यांत नसतो, प्रमाणात असतो, आणि प्रमाण समोरून दिसत नाही. त्यासाठी गाडीच्या बाजूला, थोडं लांब उभं राहावं लागतं. दोन चाकांमधलं अंतर किती, चाकांच्या पुढे-मागे किती पत्रा लोंबतो, पुढच्या दाराची कड आणि पुढचं चाक यांत किती जागा आहे, काचेची पट्टी उंचीच्या मानाने केवढी, हे चार प्रश्न विचारले की गाडी बरंचसं सांगून टाकते. प्रीमियर पद्मिनीत सजावट फारशी नव्हतीच, तरी तिची सावली रस्त्यावर पडली तरी ओळखू यायची.

या प्रमाणाची सगळ्यात मोठी शिल्पकार आपल्याकडे कुठली स्टुडिओतली व्यक्ती नाही, सरकारी मोजपट्टी आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. २००८ मध्ये टाटांनी इंडिगोची शेपटी कापून इंडिगो सीएस आणली आणि चार मीटरमध्ये डिक्कीवाली गाडी बसवण्याचा खटाटोप सुरू झाला. २०१२ ची स्विफ्ट डिझायर आठवा. पुढून सुबक हॅचबॅक, आणि मागच्या चाकानंतर डिक्की अशी तोडलेली की रेषा संपायच्या आधीच पत्रा संपतो. डिझायर वाटेत सुधारली. आताची, २०२४ ची गाडी त्याच ३,९९५ मिलिमीटरमध्ये बरीच नीट बसली आहे. पण करात सवलत मिळावी म्हणून रस्त्यावर लाखो ओबडधोबड आकार आले, याचं मला मनापासून वाईट वाटतं. शहराच्या दृश्यात इमारतींइतकाच गाड्यांचाही वाटा असतो. नवी मुंबईसारख्या आखून वसवलेल्या शहरात तर तो अधिकच डोळ्यांत भरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले. लहान गाड्यांना १८ टक्के आणि मोठ्यांना ४०, पण चार मीटरची रेघ तिथेच राहिली.

त्या रेघेच्या आतही चांगलं काम होतं. स्कोडा कायलॅकची लांबीही ३,९९५ मिलिमीटरच, पण दोन चाकांमधलं अंतर २,५६६. म्हणजे चाकांच्या बाहेर दोन्हीकडे मिळून दीड मीटरपेक्षाही कमी. चाकणला बनणाऱ्या या गाडीच्या चेहऱ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. बाजूने ती घट्ट, आवळलेली दिसते.

आता टाटांच्या सिएराकडे येतो, कारण नोव्हेंबर २०२५ मध्ये ती परत आली तेव्हापासून शौकिनांत इतकं दुसऱ्या कुठल्या गाडीबद्दल बोललं गेलेलं नाही. १९९१ ची मूळ सिएरा दोन दारांची. मागच्या बाजूची काच वर वळून छतात शिरायची, आणि त्या एका काचेवर गाडीची सगळी ओळख उभी होती. २०२० च्या ऑटो एक्स्पोत दाखवलेल्या नमुन्यात ती वळणारी काच खरी होती. विक्रीच्या गाडीत मात्र चार दारं आली, खांब आले, आणि वळणाचा भास चकचकीत काळ्या रंगाने साधला आहे. यावर पुष्कळ जण नाराज आहेत. मी नाही. चार दारांच्या गाडीत खांब काढता येत नाहीत, आणि इथे तो काळा भाग खिडकीच्या रेषेत असा मिसळला आहे की दहा पावलांवरून काच एकसंध वाटते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खांदा सपाट आहे, छत पुढून मागे उगाच घसरत नाही, आणि काचा मोठ्या आहेत. त्याच कंपनीच्या कर्व्हशी तुलना करा. तिथे उतरतं छत उंच शरीरावर ठेवलं आहे आणि मागचा भाग जड होतो. सिएराने हा मोह टाळला, हे मला तिच्या आठवणींच्या आकर्षणापेक्षा मोठं वाटतं.

तो चकचकीत काळा रंग जवळून पाहिला की पंचाईत कळते. खारघरला किंवा उलव्याला, जिथे बांधकामाची धूळ बारा महिने असते, तिथे आठ दिवसांत खांबावर पिठूळ थर बसतो. कोरड्या फडक्याने पुसला की गोल गोल बारीक ओरखडे उठतात आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकतात. अशा ओरखड्यांमुळे हा रंग आत-बाहेर कुठेही नको, हे एकच मत जुन्या-नव्या शौकिनांत निर्विवाद आहे. कंपन्या ते ऐकत नाहीत.

महिंद्राची बाजू वेगळी. २०२१ मध्ये प्रताप बोस टाटांकडून महिंद्राकडे गेले. त्याआधी तिथे कृपा अनंतन यांनी एक्सयूव्ही ५०० आणि २०२० ची थार घडवली होती. पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक डिझाइन केंद्रात शिकलेल्या या बाईंचं नाव आपल्या चर्चांत फारच कमी येतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या बीई ६ वर लोक तुटून पडले. कुणाला ती खेळणं वाटली, कुणाला अंतराळयान. रेघा जास्त आहेत, हे मलाही पटतं. दारावर एकाऐवजी तीन कोन आले की नजर ठरत नाही. पण तिची बैठक पाहा. पुढे इंजिन नाही, मोटर मागच्या चाकांना फिरवते, त्यामुळे पुढचं चाक दारापासून दूर, अगदी नाकाशी नेता आलं. आडव्या इंजिनाच्या गाडीला हे जमत नाही. ४,३७१ मिलिमीटर लांबीत २,७७५ चाकांमध्ये गेले आहेत. विजेच्या गाडीने डिझायनरला दिलेलं हे स्वातंत्र्य बीई ६ ने खरोखर वापरलं. त्याच सुमारास आलेल्या बऱ्याच विजेच्या गाड्या पेट्रोलच्या गाडीची ग्रिल बंद करून उभ्या होत्या.

सेडानबद्दल थोडक्यात. फोक्सवॅगन व्हर्टस रस्त्यावर दिसली की शौकीन वळून बघतात आणि मग विकत उंच गाडीच घेतात. खड्डे आणि पावसाळ्यात साचलेलं पाणी पाहता त्यांना दोष देता येत नाही.

पुढच्या गाड्यांत माझं लक्ष एकीवर आहे. १५ ऑगस्ट २०२५ ला महिंद्राने मुंबईत चार नमुने दाखवले. त्यातली व्हिजन एस चौकोनी, मागे स्टेपनी टांगलेली. ज्या पायावर ती उभी आहे, त्यावर ३,९९० ते ४,३२० मिलिमीटर लांबीच्या गाड्या होतील आणि चाकांमधलं अंतर २,६६५ राहील, असं कंपनीने जाहीर केलं आहे. आखूड गाडीत हे अंतर टिकलं तर चाकांच्या बाहेर दोन्हीकडे मिळून १,३२५ मिलिमीटरच उरतात, कायलॅकपेक्षाही शंभरेक कमी. नमुन्यावरचे दिवे, जाडजूड बंपर, छतावरचं सामान यांतलं बरंचसं विक्रीच्या गाडीत गळेल. स्टेपनी राहते का, खांब किती जाड होतात आणि खिडक्यांची खालची कड किती वर सरकते, एवढं मी बघणार आहे. वेलबुट्टीच्या स्टिकरखालीही या तिन्ही गोष्टी लपत नाहीत.