पांढर, काळी आणि महामार्गाची आखणी

प्राचीन वस्तीचा माग काढणाऱ्यास मराठीने दोन शब्द आयतेच दिले आहेत : गावठाणाची जमीन ती ‘पांढरी’ आणि कसणुकीची ती ‘काळी’. राख, शेण आणि पडक्या भिंतींची माती यांचे थर साचत जाऊन गावठाणाची माती फिकी होते; म्हणून शिवारात पांढरीचे टेकाड दिसले, की उत्खननकार तेथे थबकतो. या शब्दजोडीची उपयुक्तता निर्विवाद होय. परंतु तिला सीमारेषा मानून रस्ते आखले जाऊ लागले म्हणजे तिच्या मर्यादाही तपासणे अगत्याचे ठरते.

जळगाव–भुसावळ मार्गावरील नशिराबाद हे गाव पूर्वीच्या क्रमांक ६ च्या, आताच्या क्रमांक ५३ च्या, राष्ट्रीय महामार्गावर आहे. या महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी खानदेशाच्या काळीतून मोठे खोदकाम झाले. टेकाड टाळून शिवारातून रस्ता नेला, म्हणजे प्राचीन अवशेष सुरक्षित राहिले, अशी समजूत अशा वेळी सहज होते. खानदेशातीलच पुरावा तिच्याविरुद्ध आहे.

गिरणेकाठी चाळीसगाव तालुक्यात बहाळ येथे म. न. देशपांडे यांनी १९५२-५३ व १९५६-५७ मध्ये उत्खनन केले. वस्तीचे थर बहाळच्या टेकाडात मिळाले. परंतु ताम्रपाषाणयुगीन दफने सापडली ती नदीपलीकडे, टेकवाडे येथे. केवळ टेकाड राखणाऱ्याच्या हातून ही दफने सहज निसटली असती. उलट पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात दफने घरांच्या जमिनीखालीच आढळली : बालकांची तोंडास तोंड लावलेल्या दोन कुंभांत, प्रौढांची बहुधा पावले तोडून. जव, गहू, मसूर, कुळीथ यांचे जळके दाणेही वस्तीच्या थरांतच मिळाले. पण त्या शेतीस पाणी पुरविणारा पाट व त्याचा बांध मात्र वस्तीच्या कडेला होता. म्हणजे शेतीचा पुरावा पांढरीत दडलेला असतो आणि मृतांचा कधी काळीत. शब्दांनी केलेली विभागणी जमिनीने पाळलेली नाही.

कायद्याची परिभाषाही येथे अपुरी पडते. १९५८ च्या केंद्रीय कायद्याचे संरक्षण घोषित स्मारकांना व स्थळांना मिळते. ज्याची नोंदच नाही अशा टेकाडास ते लाभत नाही. १८७८ च्या निखातनिधी कायद्यान्वये १० रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते. परंतु जळक्या जवाच्या दाण्याचे किंवा मातीच्या कुंभातील अस्थींचे मोल कोणी व कसे ठरवावे? ‘निधी’ या शब्दात सोने बसते. शेतकऱ्याचे धान्य बसत नाही.

आमचा आक्षेप उत्खनन-अहवालांवरही आहे. त्यांत गावाचे नाव, खंदकांचे क्रमांक आणि खापरांची वर्गवारी काटेकोरपणे येते. शेतांची नावे क्वचितच येतात. वस्तुतः ज्या शेतास लोक ‘पांढरीचे’ किंवा ‘मसणवटीचे’ म्हणतात, त्याची पाहणी प्रथम व्हावयास हवी. असे नाव म्हणजे पुरावा नव्हे, कारण नावे स्थलांतर करतात आणि मसणवट अलीकडचीही असू शकते. तथापि कोठे पाहावे याची ती स्वस्त व विश्वसनीय सूचना असते. १९४७ च्या कायद्याने तुकडेजोड होऊन गट क्रमांक आले, तसतशी ही नावे कागदावरून मागे पडली. आता ती मुख्यतः वृद्धांच्या बोलीत, नशिराबादच्या परिसरात लेवा गणबोलीत, उरली आहेत. भूसंपादनाने शेतच गेले, म्हणजे नावाला आधारही उरत नाही.

तेव्हा आखणी कायम होण्यापूर्वी टेकाडांची पाहणी होणे पुरेसे नाही. संपूर्ण शिवाराची, नदीच्या दोन्ही तीरांची आणि शेतनामांची नोंद एकत्र व्हावयास हवी. हे काम पुरातत्त्वज्ञाचे तितकेच भाषाभ्यासकाचेही आहे. नाव आणि थर यांपैकी काहीही एकदा खरवडून गेले, तर ते पुन्हा मिळवून देणारी कोणतीही पद्धती आपणापाशी नाही.